तुटल्याचे पेढे

आमच्या लॅबमध्ये एखादी वस्तू तुटली की पेढे यायचे. पास झाली तर काही नाही, चहासुद्धा नाही. पास झालेल्या वस्तूकडे सर संशयाने बघायचे. "हिने तोंडच उघडलं नाही," असं म्हणून पडेल चेहऱ्याने केबिनमध्ये जाऊन बसायचे. पण काही मोडलं, चिरलं, निखळलं, की बघायला नको! टाळी वाजवून अख्ख्या गाळ्यात आरोळी जायची, "हरेश्वर! पेढे!"

हे ऐकून माणूस ठार वेडा होता असं कोणालाही वाटेल. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पुढे मी त्यांच्याहून जास्त वेडी झाले, तो भाग वेगळा.

आमचा गाळा गोरेगाव पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या तळमजल्यावर. एका बाजूला इमिटेशन दागिने बनवणारे, दुसऱ्या बाजूला खाकऱ्याचं पॅकिंग, आणि मध्ये आम्ही, देशाच्या क्षेपणास्त्रांचे भाग हादरवणारे. हो, हादरवणारेच. मिसाईल काही एका छपराखाली बनत नाही. मोटर एकीकडे बनते, पंख दुसरीकडे, ते पंख हलवणारी पेटी तिसरीकडे. हे सगळं उडण्याआधी कोणीतरी ते गदागदा हलवून, तापवून, गारठवून, खाऱ्या वाफेत कोंडून बघावं लागतं. ते काम आमचं. गाळ्याच्या मधोमध आमचा शेकर होता, म्हणजे खालून थरथर सोडता येईल असं लोखंडी टेबल. त्याच्यावर तो भाग बोल्टने आवळायचा आणि टेबल सुरू करायचं. ते सुरू झालं की शेजारच्या गाळ्यातले खडे आपापल्या डब्यांत नाचायला लागायचे, आणि तिथल्या बायका भिंतीवर थापा मारून ओरडायच्या, "अरे बस करा रे मेल्यांनो, मोती सांडले!"

सरांना ते ऐकूच जात नसे. ते टेबलाशेजारी उकिडवे बसून त्या भागाशी बोलत असायचे. "मोड बाळा, मोड. लाजू नको. इथे आपलीच माणसं आहेत."

मला त्यांनी नोकरीवर कसं घेतलं ते सांगते. इंटरव्ह्यूला गेले, समोरच्या खुर्चीत बसले, तर खुर्ची डुगडुगतेय. सरांनी माझे सगळे कागद बाजूला सारले आणि विचारलं, "ही खुर्ची किती टिकेल?" मी म्हटलं, "सर, मी उठेपर्यंत टिकली तरी पुरे." एवढे हसले, एवढे हसले, की ठसका लागला. "सोमवारपासून ये," म्हणाले. नंतर हरेश्वरने सांगितलं की ती खुर्ची मुद्दाम तशी ठेवलेली होती. माझ्याआधी आलेली हुशार मंडळी तिच्यात ताठ बसून, एका पायावर तोल सांभाळत, आपल्या पदव्या सांगत राहिली म्हणे. एकालाही वाटलं नाही, की बाबा, खुर्ची हलतेय असं बोलून तरी बघू.

हा हरेश्वर म्हणजे आमचा शेकर चालवणारा. मढचा कोळी. घरची बोट, दोन्ही भाऊ समुद्रावर, हा एकटाच लोखंडात शिरलेला. लॅबचा टेम्पोही तोच चालवायचा. सरांना तोंडावर बोलायची हिंमत फक्त त्याच्यात होती. खाऱ्या वाफेच्या पेटीसमोर उभा राहून म्हणायचा, "सर, कशाला एवढी वीज जाळता? आमच्या छपरावर ठेवा ना. आई सुकटीबरोबर त्याचीपण राखण करेल." आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी खरंच पत्र्याचा एक तुकडा मढला पाठवला! तो काही दिवसांनी परत आला तेव्हा गंजून त्याची अशी चाळण झाली होती की सर हरखून गेले. हरेश्वरच्या आईसाठी त्यांनी खास पेढे पाठवले. वर निरोप, "आमच्या पेटीतलं मीठ भित्रं आहे. खरं मीठ तुमचं."

बाहेर कुठेही कामाबद्दल बोलायचं नाही, हा आमच्याकडे कडक नियम होता. सोसायटीत कोणी विचारलं तर सर सांगायचे, "मिक्सर तपासतो." झालं! अख्ख्या बिल्डिंगचे मिक्सर त्यांच्या दारात यायला लागले. दुसरा कोणी असता तर टाळाटाळ केली असती. सर ते गाळ्यात घेऊन यायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा मिक्सर शेकरवर चढवला, तर झाकण एकीकडे, पातं दुसरीकडे, बुडाची रबरं खाकरेवाल्यांच्या दारात. सरांनी ते सगळे अवशेष पिशवीत भरले, वर पेढ्यांचा पुडा ठेवला आणि वहिनींना नेऊन दिले. "अभिनंदन वहिनी, मोडला!" पुढे कितीतरी दिवस सर लिफ्टमध्ये शिरले की वहिनी बाहेर पडून जिना चढायच्या. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, शेवटी स्वतः नवा मिक्सर नेऊन दिला आणि हात जोडले.

आता आरेचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

मिसाईलच्या भागाला उडताना जेवढे धक्के बसतात, त्याहून जास्त वेळ तो ट्रकमध्ये बसून धक्के खात असतो. म्हणून उडण्याच्या थरथरीची वेगळी चाचणी असते आणि प्रवासाच्या थरथरीची वेगळी. ही प्रवासाची थरथर कशी असावी, ते सरकारी नियमात आखून दिलेलं होतं. सरांना ती आखणी बघून झोप लागेना. "हा कुठला रस्ता आहे? ही तर पाळण्याची दोरी आहे. हे लिहिणारा माणूस एकदा तरी गोरेगावला आला होता का?"

एके दिवशी सकाळी त्यांनी टेम्पोत थरथर मोजणारं यंत्र बांधलं, हरेश्वरला स्टिअरिंगवर बसवलं, मला मागे यंत्र धरून बसवलं आणि आम्ही आरे कॉलनीत शिरलो. हरेश्वर बिचारा सवयीने खड्डे चुकवायला लागला. सर खेकसले, "अरे, चुकवतोस काय? घाल! तो बघ डावीकडे, काय सुंदर आहे! घाल त्याच्यात!" मागे माझी कवटी टेम्पोच्या छपराला लागत होती. गोठ्यांजवळच्या वळणावर म्हशी रस्त्यात उभ्या होत्या, त्या आमच्याकडे अशा बघत होत्या की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक पोलीसदादा थांबवून म्हणाले, "ओ, चांगला रस्ता सोडून खड्ड्यातून काय चाललाय?" हरेश्वर गंभीरपणे म्हणाला, "साहेब, हे मिक्सरवाले आहेत." पोलीसदादांनी हात जोडून जाऊ दिलं.

त्या दिवसापासून आमच्या शेकरवर आरेत मोजलेल्या थरथरीचा एक नवा कार्यक्रम आला. सगळ्या सरकारी चाचण्या झाल्या, भाग पास झाला, की सर हळूच म्हणायचे, "आता जरा आरे लाव रे."

आणि एवढं सगळं करणाऱ्या या माणसाने मिसाईल उडताना कधी पाहिलं नव्हतं. सगळी उमर त्यातच गेली, पण ते कुठे बनतं, कुठल्या नावाचं आहे, कधी उडतं, आम्हाला कोण सांगणार? पेटी यायची, पेटी जायची. कधीतरी टीव्हीवर दाखवायचे, समुद्रकिनारी धूर, आग आणि टाळ्या. सर टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसायचे. "ह्यात आपलं असेल का गं काही?" एवढा मोठा माणूस, पण विचारताना आवाज लहान मुलासारखा व्हायचा. मी म्हणायचे, "असेल की सर." ते म्हणायचे, "एकदा बघायचंय. एकदाच. बाकी काही नको."

आणि तो योग आला! एका नव्या मिसाईलची पंख हलवणारी पेटी आमच्याकडे तपासायला आली होती. त्या प्रकल्पाचे साहेब मूळचे नागपूरचे, मोठे दिलदार. सरांची ही हौस त्यांना कुठून तरी कळली. त्यांनी खटपट करून परवानगी काढली आणि फोनवर सांगितलं, "पेटी पास झाली की चला, तुम्ही आणि तुमच्या लॅबमधल्या मॅडम. उडताना बघा."

सर त्या दिवशी गाळ्यात गाणं म्हणत होते. शेजारच्या बायकांना त्यांनी स्वतः जाऊन विचारलं, "ताई, फार हलतंय का हो? कमी करू?" त्या घाबरल्याच. सोसायटीत त्यांनी सांगून टाकलं की मिक्सरच्या प्रदर्शनाला ओडिशाला चाललोय. काकूंनी बॅग भरली. नवी टोपी आणली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनीसुद्धा लिफ्टमध्ये "शुभ प्रवास" म्हटलं.

पेटी न्यायला साहेब स्वतः आले. चाचण्या त्यांच्यासमोर चालू होत्या. तापवून झाली, गारठवून झाली, उडण्याची थरथर झाली, प्रवासाची झाली. पास, पास, पास. साहेबांनी घड्याळ बघितलं, त्यांना संध्याकाळचं विमान गाठायचं होतं. कागदावर सरांची सही तेवढी राहिली होती. सरांनी पेन उघडलं. पेन बंद केलं. पेटीकडे बघितलं.

मी मनात म्हटलं, नको, सर, नको. आज नको.

"हरेश्वर," सर म्हणाले, "आरे लाव."

हरेश्वरनेही माझ्याकडे बघितलं. मग त्याने लावलं. शेजारी मोती नाचायला लागले. सर उकिडवे बसले आणि कुजबुजायला लागले, "मोड बाळा, मोड." साहेब बघतच राहिले. "हे काय करून राहिले हे?" मला विचारलं त्यांनी. आणि तेवढ्यात पेटीच्या आतून बारीकसा आवाज आला. खुळुक. टेबल थांबवलं, पेटी उघडली, तर आतली वायर धरून ठेवणारी एक चिमुकली क्लिप सुटून बुडाशी पडलेली.

खरं तर इथे गप्प बसायचं. पण सवय ती सवय! सरांनी टाळी वाजवली. "हरेश्वर! पेढे!"

साहेबांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. एवढ्या लोकांची मेहनत त्या पेटीत, तारीख ठरलेली, आणि ती तुटली म्हणून हा माणूस त्यांच्या हातावर पेढा ठेवतोय! त्यांनी पेढा टेबलावर ठेवून दिला. "सर, माझं मिसाईल आरे कॉलनीतून नाही उडणार."

"उडणार नाही साहेब. पण उडायच्या जागी जाणार कसं? ट्रकमधूनच ना?"

"नियमात जे आहे त्यात ती पास आहे."

"आहे ना. नियमात पास आहे. आरेत नापास आहे."

"नियमात आरे नाही हो!"

"म्हणून तर लावावं लागतं."

साहेब चिडले आणि त्यांचं चिडणं चूकही नव्हतं. म्हणाले, "सही करा. नाहीतर मी दुसरीकडून तपासून घेतो. आणि तुमच्या परवानगीचं मग मला काही सांगता येणार नाही." सर उभे राहिले. त्यांचा चेहरा असा झाला होता, की मला वाटलं आता करतील सही. करावी, असं मला मनापासून वाटत होतं. त्यांनी पेन साहेबांसमोर ठेवलं आणि म्हणाले, "तुटलेली वस्तू बघितल्यावर मला ती तुटली नाही असं लिहिता येत नाही हो. येतच नाही."

साहेब पेटी घेऊन गेले. दाराबाहेर गाडीचं दार धाडकन लागलेलं आम्ही ऐकलं.

मी भडकले. म्हटलं, "सर, एका सहीवर अडलं होतं! सगळ्या टेस्ट पास होत्या! आता बसा टीव्हीसमोर." हरेश्वर म्हणाला, "मॅडम, जाऊ द्या ना," पण मी कुठली ऐकतेय? सरांनी टेबलावरचा साहेबांचा पेढा उचलला, त्याचे तीन भाग केले, आम्हाला दिले. "तुटली ना," म्हणाले. "मग खायला पाहिजे." इतका वाईट पेढा मी आयुष्यात खाल्ला नाही. काकूंनी भरलेली बॅग रिकामी केली. सोसायटीत सांगितलं, प्रदर्शन रद्द झालं.

मग बरेच दिवस आमच्याकडे त्या प्रकल्पाचं काहीच काम आलं नाही. सर शेकर पुसत बसायचे. टीव्हीवर बातमी लागली की मी चोरून त्यांच्याकडे बघायचे आणि ते चोरून टीव्हीकडे.

एके दुपारी दारात साहेब उभे. हातात भलामोठा पुडा. आत आले, खुर्चीत बसले, ती डुगडुगली तशी पटकन उठले आणि उभ्याउभ्याच सांगायला लागले. तसल्याच आणखी पेट्या आधीच ट्रकने किनाऱ्यावर गेलेल्या होत्या. सरांचं बोलणं त्यांच्या डोक्यातून जाईना. विमानात जाईना, घरी जाईना, जेवताना जाईना. शेवटी त्यांनी तिथल्या पेट्या उघडायला लावल्या. एकीत क्लिप सुटून बुडाशी पडलेली! उड्डाण पुढे ढकललं, सगळ्या क्लिपा बदलून घेतल्या, आणि नवी पेटी घेऊन ते स्वतः आले होते. "आता लावा तुमचं आरे," म्हणाले, "किती लावायचं तितकं लावा."

आणि पुडा उघडला, तर आत संत्र्याची बर्फी. "तुमच्याकडे तुटल्यावर गोड असते ना. आमच्याकडे तुटली, म्हणून आमच्याकडचं."

बर्फी तोंडात धरून सर मान हलवत राहिले. हरेश्वरने आरे लावलं. दुपार सरली, मोती सांडले, बायका ओरडून ओरडून घरी गेल्या, पण नवी पेटी काही बधेना. सर तिला कळवळून विनवत होते, "अगं मोड ना, थोडी तरी!" शेवटी पडेल चेहऱ्याने त्यांनी सही केली. मी आणि साहेब मात्र एकमेकांना टाळ्या देत होतो.

तर आम्ही गेलो. खरंच गेलो! पूर्वेचा किनारा, केवड्याचं बन, आणि लांब एका इमारतीची गच्ची. फोन फाटकावरच काढून घेतले. काकूंनी दिलेली नवी टोपी सरांच्या डोक्यावर. गच्चीवर स्पीकरमधून उलटे आकडे येत होते. मध्येच थांबले. समुद्रात कोणाची तरी मासेमारीची बोट मनाई केलेल्या पाण्यात शिरली होती. "हरेश्वरचाच पाव्हणा असणार," मी म्हटलं. सर हसले नाहीत. बोटीला हाकललं, आकडे परत सुरू झाले. सरांनी माझं मनगट धरलं. शेकरवर एवढं लोखंड मोडून खुशीत टाळ्या पिटणारा माणूस, आणि हात बर्फासारखा गार.

मग ते उजळलं. आधी नुसता उजेड, आवाज नाहीच. मग आवाज आला तो छातीतच आला. गच्ची थरथरली, मी काय ओरडले मलाच माहीत नाही, नुसती उड्या मारत होते. ते सरळ वर गेलं, जरासं वळलं, अगदी शहाण्यासारखं वळलं, म्हणजे पंख हलले, म्हणजे आमची पेटी! मी सरांकडे वळून ओरडले, "सर, वळलं! बघितलंत, वळलं!"

सर डोळे गच्च मिटून उभे होते.

"गेलं का गं?" त्यांनी विचारलं.

"अहो सर, डोळे उघडा! गेलं, छान गेलं!"

"नक्की गेलं? फुटलं नाही ना?"

"नाही हो! उघडा लवकर!"

त्यांनी उघडले तेव्हा ढगापर्यंत गेलेला धूर तेवढा शिल्लक होता. त्यांनी तो धूर खालपासून वरपर्यंत बघितला. मग म्हणाले, "आपल्या टेबलावर कितीही मोडलं तरी चालतं गं. इथे नाही बघवत." आणि एवढं बोलून त्या माणसाने टोपी हवेत उडवली आणि भर गच्चीवर, मोठमोठ्या साहेबांच्या मध्ये, गणपतीत नाचतात तसा नाच सुरू केला. नागपूरचे साहेब त्यांच्याबरोबर नाचले. मीही नाचले. रडत होते आणि नाचत होते.

परत आल्यावर रविवारी सरांनी हरेश्वरला आणि मला घरी जेवायला बोलावलं. बाहेरच्या खोलीत सर दोन्ही हात उंचावून हरेश्वरला सांगत होते, "आधी पांढरा उजेड. मग केशरी! असा केशरी की काय सांगू! आणि मग काय झोकात वळलं! मी डोळ्यांनी बघितलं रे!" हरेश्वर तोंड उघडं टाकून ऐकत होता. मी तिथून सटकले आणि ओट्याशी काकूंना मदत करायला गेले.

काकू पुऱ्या तळत होत्या. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "डोळे मिटले असतील ना गं त्यांनी?"

मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"लग्नात अंतरपाट बाजूला झाला तेव्हा हे असेच उभे. डोळे गच्च मिटून. मी माझा हार घातला. मग ह्यांची पाळी. भटजी म्हणतात घाला, मामा म्हणतात घाला, आणि ह्यांचे हात हार घेऊन हवेतच. दिसतंय कुठे?"

"अगं बाई! मग?"

"मग काय. मीच मान पुढे केली."

पुरी टम्म फुगली, ती त्यांनी झाऱ्याने बाहेर काढली आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, केशरी म्हणजे कसा ते मलाही सांगा ना! तेलाच्या आवाजात मी काही ऐकलंच नाही."

बाहेरून सर लगबगीने आत आले, ओट्याला टेकून उभे राहिले आणि काकूंना अगदी पहिल्यापासून सांगायला लागले.